विश्लेषण : पाच लाखांचे कार्ड, तरी गोळ्यांचा खर्च खिशातून! खान्देशात सरकारी आरोग्यसेवेचा पैसा कोणत्या वाटेने यावा?

राज्यातील प्रत्येक रेशन कार्डधारक कुटुंबाला वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंतचे उपचार मोफत मिळतील, अशी व्यवस्था १ जुलै २०२४ पासून लागू झाली. तरीही जळगाव आणि धुळे जिल्ह्यांत रक्तदाब, मधुमेह किंवा सिकलसेलचा रुग्ण असलेल्या घरांत दर महिन्याला औषध दुकानाचे बिल होतेच. मोठ्या शस्त्रक्रियेसाठी सरकार लाखो रुपये मोजायला तयार आहे, पण गावाजवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात काही रुपयांची गोळी वेळेवर नसते. हा विरोधाभास का आहे? सार्वजनिक आरोग्यसेवेला पैसा द्यायचा तर तो विमा आणि दाव्यांच्या मार्गाने द्यावा, की थेट दवाखान्याला? खान्देशातील दोन जिल्ह्यांच्या अनुभवावरून या प्रश्नाचा वेध.

सध्या पैसा येतो कुठून?

आरोग्य हा राज्यघटनेनुसार राज्यांच्या सूचीतील विषय आहे. त्यामुळे डॉक्टर, परिचारिकांचे पगार, इमारती आणि औषधे यांचा मुख्य भार राज्याच्या तिजोरीवर असतो. दुसरी वाट राष्ट्रीय आरोग्य अभियानाची. त्यात केंद्राचा वाटा ६० टक्के आणि राज्याचा ४० टक्के. तिसरी वाट वित्त आयोगाची. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ या काळासाठी देशातील स्थानिक स्वराज्य संस्थांमार्फत आरोग्यावर खर्च करण्यासाठी ७०,०५१ कोटी रुपयांची शिफारस केली. चौथी वाट जिल्हा नियोजन समितीची. पाचवी महात्मा फुले जन आरोग्य योजना आणि आयुष्मान भारत यांची. आणि सहावी, जी कोणत्याच अर्थसंकल्पात दिसत नाही, ती रुग्णाच्या खिशाची.

राष्ट्रीय आरोग्य लेख्यांनुसार देशातील एकूण आरोग्य खर्चात खिशातून होणाऱ्या खर्चाचे प्रमाण २०१३-१४ मध्ये ६४.२ टक्के होते. ते २०२१-२२ मध्ये ३९.४ टक्क्यांवर आले. याच काळात सरकारी खर्च सकल देशांतर्गत उत्पादनाच्या १.१५ टक्क्यांवरून १.८४ टक्क्यांपर्यंत वाढला. सुधारणा मोठी आहे. पण २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने २०२५ पर्यंतचे उद्दिष्ट अडीच टक्के ठेवले होते. राज्यांनी आपल्या अर्थसंकल्पाच्या आठ टक्क्यांहून अधिक रक्कम आरोग्याला द्यावी, असेही त्यात म्हटले होते. महाराष्ट्राचा वाटा गेली काही वर्षे साधारण चार ते पाच टक्क्यांच्या दरम्यानच घुटमळतो आहे.

कार्डाची योजना कशी चालते?

धुळे जिल्ह्याला या योजनेचा अनुभव राज्यात सर्वांत आधीचा. राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना २ जुलै २०१२ रोजी ज्या आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यांत धुळे होते. जळगावसह उर्वरित जिल्ह्यांत ती नोव्हेंबर २०१३ मध्ये आली. पुढे २०१७ मध्ये तिला महात्मा जोतिराव फुले यांचे नाव मिळाले आणि त्यानंतर ती आयुष्मान भारतशी जोडली गेली.

सुरुवातीला सरकार विमा कंपनीला प्रत्येक कुटुंबामागे वर्षाला ३३३ रुपये हप्ता देत होते. २०२० मध्ये तो ७९७ रुपये झाला. दीड लाखापर्यंतचा खर्च विमा कंपनीने आणि त्यावरचा राज्य आरोग्य हमी सोसायटीने द्यायचा, अशी मिश्र पद्धत आली. ‘विमा’ म्हणजे सरकार हप्ता भरते आणि कंपनी दावे चुकवते. ‘हमी’ म्हणजे मध्ये कंपनी नाही, दावे सरकारची यंत्रणाच चुकवते. आयुष्मान भारत राबवणाऱ्या बहुतेक राज्यांनी हमीचीच वाट धरली आहे.

या योजनेने गोरगरिबांचे प्राण वाचवले, हे नाकारता येणार नाही. हृदयशस्त्रक्रिया, कर्करोग आणि डायलिसिस यांसारख्या उपचारांसाठी पूर्वी शेत गहाण पडायचे किंवा जळगावच्या सराफ बाजारात दागिने मोडायला यावे लागायचे. त्या घरांना या कार्डाने आधार दिला. प्रश्न योजना चांगली की वाईट, हा नाही. ती कशासाठी पैसे देते आणि कशासाठी देत नाही, हा आहे.

मग अडते कुठे?

कार्ड चालते ते रुग्ण दाखल झाल्यावर, ठरलेल्या यादीतील उपचारांसाठी आणि योजनेत सहभागी असलेल्या रुग्णालयात. रुग्णालयातून घरी सोडल्यानंतर १० दिवसांची औषधे मिळावीत, अशी तरतूद मूळ योजनेतच होती. अकराव्या दिवसापासूनचा हिशेब घराचा.

खान्देशातील आजारांचे स्वरूप पाहिले तर ही मर्यादा लक्षात येते. चोपडा, यावल, रावेर आणि शिरपूर तालुक्यांतील सातपुड्याच्या पायथ्याशी असलेल्या पावरा, तडवी, भिल्ल वस्त्यांत आणि साक्री तालुक्याच्या आदिवासी पट्ट्यात सिकलसेलचे रुग्ण आहेत. त्यांना रोजच्या गोळ्या, नियमित रक्ततपासणी आणि त्रास सुरू होताच जवळ उपचार लागतात. रक्तदाब आणि मधुमेहाचे तसेच. यातले काहीच शस्त्रक्रियेच्या पॅकेजमध्ये बसत नाही. रक्तदाबाची गोळी वर्षभर चुकली आणि पक्षाघात झाला, की मग कार्ड चालू होते. म्हणजे आजार बळावेपर्यंत व्यवस्था थांबते आणि मग जास्त पैसे मोजते.

दुसरी मर्यादा अंतराची. सहभागी रुग्णालये मोठ्या शहरांत एकवटलेली असतात. पिंपळनेरच्या रुग्णाला साक्रीमार्गे धुळे, चाळीसगावच्या रुग्णाला धुळे किंवा जळगाव, आणि तिथेही न झाल्यास नाशिक गाठावे लागते. उपचार मोफत असले तरी गाडीभाडे, सोबतच्या माणसाचे जेवण आणि बुडालेली मजुरी मोफत नसते. केळीच्या बागेत किंवा कापूस वेचणीला जाणाऱ्या मजुराच्या घरात चार दिवसांचा खाडा हाही औषधोपचाराचाच खर्च असतो.

२०१७-१८ मधील राष्ट्रीय नमुना पाहणीनुसार देशाच्या ग्रामीण भागात सरकारी रुग्णालयात एकदा दाखल होण्याचा सरासरी वैद्यकीय खर्च ४,२९० रुपये, तर खासगीत २७,३४७ रुपये होता. म्हणजे सरकारी रुग्णालयातही सारे फुकट होत नाही. बाहेरून आणलेली औषधे आणि बाहेर केलेल्या तपासण्या ही त्याची मुख्य कारणे.

सरकारी उपचार मोफत झाले ना?

सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून केसपेपरसह सर्व सेवा निःशुल्क करण्यात आल्या. प्राथमिक आरोग्य केंद्रांपासून जिल्हा रुग्णालयांपर्यंत राज्यातील २,४१८ संस्थांना तो निर्णय लागू झाला. मात्र वैद्यकीय शिक्षण विभागाची रुग्णालये त्यात नव्हती.

खान्देशात याचा अर्थ वेगळा लागतो. जळगावचे जिल्हा रुग्णालय २०१८ मध्ये सुरू झालेल्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाशी जोडले गेले. धुळ्यात चक्करबर्डी येथील श्री भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे सर्वोपचार रुग्णालय हेच मोठ्या उपचारांचे ठिकाण. दोन्ही वैद्यकीय शिक्षण विभागाकडे. रुग्णाला दोन खात्यांतला फरक ठाऊक नसतो. त्याच्या लेखी दोन्ही ‘सिव्हिल’च.

यात आणखी एक बाजू आहे. केसपेपर आणि तपासण्यांचे शुल्क लहान असले तरी ते रुग्ण कल्याण समितीकडे जमा होऊन नळदुरुस्तीपासून तातडीच्या औषधखरेदीपर्यंत उपयोगी पडत असे. गरीब रुग्णाकडून असे शुल्क घेणे बंद झाले, हे योग्यच. पण तेवढी रक्कम दुसरीकडून वेळेवर आली नाही, तर ‘मोफत’ दवाखान्यातून रुग्ण चिठ्ठी घेऊन बाहेरच्या दुकानात जातो. शुल्क बंद करणे हा निर्णयाचा अर्धा भाग झाला. त्याची भरपाई करणे हा उरलेला अर्धा.

नोकरदार आणि मालकांच्या वर्गणीतून भागेल का?

जर्मनीत बिस्मार्कच्या काळात, १८८३ मध्ये कामगार आणि मालक यांच्या वर्गणीवर आजारपणाचा विमा सुरू झाला. आपल्याकडील कर्मचारी राज्य विमा योजना त्याच घराण्यातली. त्यात आज कामगाराच्या वेतनातून ०.७५ टक्के आणि मालकाकडून ३.२५ टक्के रक्कम घेतली जाते. वेतनाची मर्यादा महिना २१ हजार रुपये.

ज्या प्रदेशात पगारपत्रकावर काम करणारे बहुसंख्य आहेत, तिथे ही पद्धत चालते. जळगावच्या औद्योगिक वसाहतीत डाळ मिल, चटई आणि पाइप उद्योगातील काही कामगारांना तिचा लाभ होतो. पण जिनिंगमधला हंगामी मजूर, ऊसतोडीला गेलेले कुटुंब, रावेरचा केळी उत्पादक आणि धुळ्यातला हातगाडीवाला यांची वर्गणी कोण कापणार? त्यांचे उत्पन्न हंगामावर, पावसावर आणि बाजारभावावर अवलंबून. वर्गणीची सक्ती केली तर ज्या वर्षी पीक गेले, त्याच वर्षी त्यांचे संरक्षणही जाईल. आजारपण नेमके अशाच वर्षी परवडत नाही.

स्थानिक संस्थांवर भार टाकण्यालाही मर्यादा आहेत. शहरातील प्राथमिक आरोग्यसेवा ही महापालिकेची जबाबदारी. पण जळगाव महापालिका वर्षानुवर्षे हुडकोच्या कर्जाखाली दबलेली होती. ज्या शहराची वसुली कमी, त्या शहराचा दवाखाना कमजोर, असे होऊ द्यायचे नसेल तर पैसा वरून, गरजेच्या प्रमाणात यायला हवा.

करांतून थेट निधी दिल्यास काय होईल?

ब्रिटनने ५ जुलै १९४८ रोजी राष्ट्रीय आरोग्यसेवा सुरू केली ती मुख्यतः करांच्या पैशावर. त्याआधी दोन वर्षे, १९४६ मध्ये भारतातील भोर समितीने पैसे देण्याची ऐपत नाही म्हणून कोणी उपचारांवाचून राहू नये, हे तत्त्व मांडले होते. आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांची कल्पना त्याच अहवालातून आली.

ब्रिटन श्रीमंत देश, तिथली तुलना नको, असे म्हणता येईल. पण थायलंडने २००२ मध्ये असंघटित कामगार आणि शेतकऱ्यांसाठी करांतून चालणारी योजना आणली. तिथल्या सरकारने वर्गणी गोळा करण्याच्या फंदात न पडता प्रत्येक नोंदणीकृत माणसामागे ठरावीक रक्कम त्या भागातील आरोग्य केंद्र आणि रुग्णालयाच्या जाळ्याला वर्षाच्या सुरुवातीलाच मंजूर केली. बाह्यरुग्ण सेवा त्यातूनच. माणूस निरोगी राहिला तर दवाखान्याचे नुकसान नाही, उलट पैसे वाचतात. पॅकेजच्या पद्धतीत नेमके उलटे होते. शस्त्रक्रिया झाली तरच दावा, दावा झाला तरच पैसे.

दाव्यांच्या पद्धतीत देखरेखही खर्चिक होते. आयुष्मान भारतवरील २०२३ च्या ‘कॅग’ अहवालात सुमारे साडेसात लाख लाभार्थी एकाच मोबाइल क्रमांकाशी जोडलेले आढळले होते. दुसरीकडे देयके थकल्याची तक्रार खासगी रुग्णालये करतात आणि काही वेळा कार्डाचे रुग्ण घ्यायला नाखूश असतात. दोन्हीचा त्रास शेवटी रुग्णालाच.

केवळ निधी वाढवला की झाले?

नाही. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार, असे आपण म्हणतो. आरोग्याच्या बाबतीत कधी कधी आडात पाणी असते, पण दोर तुटलेला असतो. राज्याने २०१७ मध्ये औषधखरेदी हाफकिन महामंडळाकडे सोपवली. पुरवठ्यातील विलंबाच्या तक्रारी वाढत गेल्या आणि २०२३ मध्ये कायदा करून वैद्यकीय वस्तू खरेदी प्राधिकरण स्थापन करावे लागले. त्याच वर्षी ऑक्टोबरच्या सुरुवातीला नांदेडच्या शासकीय रुग्णालयात २४ तासांत २४ रुग्ण दगावल्याचे समोर आले. त्यांत १२ नवजात बालके होती. मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेऊन राज्याला आरोग्यावरील तरतूद, प्रत्यक्ष खर्च आणि रिक्त पदांचा हिशेब विचारला.

तमिळनाडूने हा दोर १९९४ मध्येच नीट बांधला. तिथल्या वैद्यकीय सेवा महामंडळाने जिल्ह्याजिल्ह्यांत गोदामे उभारली आणि प्रत्येक सरकारी दवाखान्याला पासबुक दिले. वर्षाचा औषधांचा कोटा त्यात रुपयांत नोंदवलेला असतो. लागेल तसे औषध उचलायचे आणि नोंद करायची. आपल्या कोट्यात किती शिल्लक आहे, हे खेड्यातल्या डॉक्टरलाही कळते.

मनुष्यबळाचे चित्र आणखी बिकट आहे. ‘कॅग’च्या डिसेंबर २०२४ मध्ये मांडलेल्या अहवालानुसार राज्याच्या सरकारी आरोग्य यंत्रणेत डॉक्टरांची चतुर्थांशाहून अधिक आणि परिचारिकांची सुमारे एक तृतीयांश मंजूर पदे रिक्त होती. ऑगस्ट २०२५ मध्ये राष्ट्रीय आरोग्य अभियानाचे कंत्राटी कर्मचारी राज्यभर संपावर गेले, तेव्हा लसीकरणापासून प्रयोगशाळांपर्यंतची कामे किती प्रमाणात कंत्राटावर उभी आहेत, हे दिसून आले. जून २०२० मध्ये जळगावच्या कोविड रुग्णालयातून बेपत्ता झालेल्या एका वृद्ध रुग्णाचा मृतदेह अनेक दिवसांनी तिथल्याच स्वच्छतागृहात सापडला होता. अधिष्ठात्यांसह काही जणांना निलंबित करण्यात आले. जबाबदारी निश्चित व्हायलाच हवी. पण वॉर्डात फेरी मारणारी पुरेशी माणसे निलंबनातून मिळत नाहीत. ती नियमित भरतीतून आणि वेळेवर होणाऱ्या पगारातून मिळतात.

खान्देशासाठी किती रुपये लागतील?

एक ढोबळ हिशेब मांडून पाहू. २०११ च्या जनगणनेनुसार जळगाव जिल्ह्याची लोकसंख्या ४२,२९,९१७ आणि धुळ्याची २०,५०,८६२. दोन्ही मिळून सुमारे ६२ लाख ८१ हजार. समजा, बाह्यरुग्ण विभागातील औषधांसाठी माणशी वर्षाला १०० रुपये वेगळे ठेवले. तर दोन्ही जिल्ह्यांना मिळून सुमारे ६३ कोटी रुपये लागतील. माणशी रोजचे २७ पैसे. तीस हजार लोकसंख्येच्या एका प्राथमिक आरोग्य केंद्राच्या वाट्याला ३० लाख रुपये येतील. आदिवासी भागात केंद्राचा निकषच वीस हजार लोकसंख्येचा आहे आणि पोहोचण्याचा खर्च जास्त आहे. तिथे माणशी रक्कम दीडपट धरावी लागेल.

लोकसंख्या आता वाढली आहे, त्यामुळे प्रत्यक्ष आकडा मोठा असेल. १०० रुपयांत सारे भागेल, असाही दावा नाही. पण औषध आणि तपासण्यांचा पाया घालायला लागणारी रक्कम राज्याच्या आवाक्याबाहेरची नाही, एवढे यातून कळते. राष्ट्रीय धोरणानेही आरोग्य निधीचा दोन तृतीयांश किंवा अधिक हिस्सा प्राथमिक सेवेला द्यावा, असे सांगितले आहे.

पैसा आणायचा कुठून, हा प्रश्न उरतो. प्राप्तिकरावर २०१८ पासून चार टक्के आरोग्य व शिक्षण उपकर आहे. पण उपकराची रक्कम राज्यांमध्ये वाटल्या जाणाऱ्या निधीत येत नाही. आरोग्याचा मुख्य खर्च राज्यांनी करायचा आणि आरोग्याच्या नावाचा उपकर केंद्राकडे राहायचा, ही विसंगती वित्त आयोग आणि केंद्रापुढे ठामपणे मांडायला हवी. राज्यालाही आपला चार-पाच टक्क्यांचा वाटा आठ टक्क्यांकडे नेण्याचे वर्षनिहाय वेळापत्रक जाहीर करता येईल.

मग विमा बंद करावा का?

थेट निधीला आक्षेप घेणाऱ्यांचे म्हणणेही ऐकले पाहिजे. सरकारी दवाखान्याला पैसे दिले म्हणून सेवा मिळेलच असे नाही. कार्डामुळे रुग्णाला निवड मिळते. धुळ्यात होत नसलेली शस्त्रक्रिया नाशिकच्या खासगी रुग्णालयात आज करून घेता येते, सरकारी विभाग उभा राहीपर्यंत हृदय थांबून राहत नाही. हा युक्तिवाद खरा आहे आणि म्हणूनच कार्ड बंद करणे हा पर्याय नाही.

पण क्रम बदलता येतो. करांतून येणारा पहिला रुपया उपकेंद्र, प्राथमिक आरोग्य केंद्र, ग्रामीण आणि उपजिल्हा रुग्णालयांतील औषधे, तपासण्या आणि माणसांवर जावा. कार्डाने त्यानंतर उरणाऱ्या मोठ्या, दुर्मीळ खर्चाची जबाबदारी घ्यावी. शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांनाही ‘मोफत’च्या निर्णयात आणून त्यांच्या बुडणाऱ्या शुल्काची भरपाई अर्थसंकल्पातून व्हावी. आणि या रुग्णालयांत कार्डावर होणाऱ्या उपचारांचे पैसे विनाविलंब त्याच रुग्णालयाला मिळावेत. म्हणजे जळगाव आणि धुळ्यातच विभाग उभे राहतील आणि नाशिकच्या फेऱ्या कमी होतील.

नागरिकांनी कशावर लक्ष ठेवावे?

पाच लाख, दहा लाख अशा विमा संरक्षणाच्या आकड्यांनी बातमी होते, पण व्यवस्थेची तब्येत कळत नाही. ती कळण्यासाठी चार गोष्टी पुरेशा आहेत. आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात आवश्यक औषधांपैकी किती आज शिल्लक आहेत? मंजूर पदांपैकी किती भरली आहेत? जिल्हा नियोजन समितीने आरोग्याला मंजूर केलेल्या निधीपैकी मार्चपूर्वी किती खर्च झाला? आणि रुग्ण कल्याण समितीची शेवटची बैठक कधी झाली?

औषधसाठ्याची नोंद ई-औषधी प्रणालीत होते, पदांची माहिती खात्याकडे असते, नियोजन समितीचे आकडे बैठकीत मांडले जातात. म्हणजे ही माहिती सरकारजवळ आहे. ती दर महिन्याला दवाखान्याच्या भिंतीवर लावण्यास नवा निधी लागत नाही. ग्रामसभेत आणि आमदारांसमोर हा प्रश्न विचारायला तर अजिबातच लागत नाही.